आगगाडीच्या डब्यात अडकलेला हात

माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. आई म्हणायची, "ह्या जिभंपायी तू एक दिस कुठंतरी अडकशील बघ." अडकलेच. आणि कुठं अडकले, तर खेळातल्या आगगाडीत!

माझं माहेर राजगडाच्या पायथ्याचं, गुंजवण्याचं. भातशेती आणि दारात म्हशी. लग्न होऊन आले ती भोरला. आमचे हे दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि लोकांच्या फोटोंना रंग भरायचे. कुंकू लाल, पदर हिरवा, गालावर जरा गुलाबी. त्यासाठी त्यांनी पुण्याहून कुणाचा तरी जुना हवेचा ब्रश आणला होता. पेन्सिलीएवढी पितळी नळी, तिच्यावर रंगाची इवलीशी वाटी आणि मागं रबरी पाइप. पाइपातून हवा आली की रंगाचा धुरळा उडायचा. हवा कुठून? तर कापूरहोळहून मोटारीची एक जुनी ट्यूब आणलेली. ती पायाच्या पंपानं सारखी फुगवत राहायची आणि तिच्यातली हवा ब्रशाला द्यायची. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, त्या सगळ्या संसाराला फुंकणी म्हणायच्या.

गावात एक बडं घर होतं. तिथल्या हौशी मालकांकडं विलायतेहून आणलेली खेळातली आगगाडी होती. दरवर्षी गणपतीपुढं ते रूळ मांडायचे, गाडी सोडायचे आणि सारा गाव बघायला लोटायचा. पुढं लढाई लागली आणि तिकडून डबे येणं बंद झालं. मग त्यांनी पत्र्याचे डबे इथंच तांबटाकडून ठोकून घेतले आणि विलायती डब्यांसारखा तांबूस रंग देण्यासाठी आमच्या ह्यांच्याकडं पाठवले.

पहिल्या वर्षीची गोष्ट. ह्यांनी डब्यातला तेलरंग तसाच वाटीत ओतला. फुंकणी थुंकायला लागली, डब्यावर नुसत्या गाठी. मग रागानं टर्पेंटाइन ओतलं, तर रंग खिडक्यांखालून ओघळायला लागला. एक डबा पुसला, दुसरा पुसला. मी दारात उभी राहून बघत होते. गप्प बसायचं की नाही? पण नाही!

"अहो, दुधासारखा करा की," मी म्हटलं. "पेला तिरका केला की दूध कसं कडेनं खाली येतं आणि मागं पातळ पडदा ठेवतं? पडदाच राहिला नाही तर पाणी जास्त. तिथंच चिकटून बसला तर ती साय."

"मग तूच कर!" ते चिडून म्हणाले.

केला. धोतराच्या चिंधीतून रंग गाळून घेतला, थेंब थेंब टर्पेंटाइन घातलं, काचेच्या पेल्यात तिरका करून बघितला. डब्यावर असा बसला की ह्यांनी डबा खिडकीपाशी नेला आणि कितीतरी वेळ नुसते फिरवत राहिले. आत्याबाई शेजारणींना सांगत सुटल्या, "सूनबाईच्या हाताला गुण आहे हो." मी वेडी, फुगले. हा गुणच पुढं गळ्यात पडणार हे तेव्हा काय ठाऊक?

तेव्हापासून श्रावण लागला की मी आत. रंग ओला असताना धुळीचा कणसुद्धा चालत नाही, म्हणून मागची खोली बंद. खिडक्यांना गोणपाट. पावसाळी ओल जावी म्हणून आधी शेगडी ठेवून खोली तापवायची, मग शेगडी बाहेर काढायची आणि कडी लावायची. आत आम्ही दोघं, टर्पेंटाइनचा वास आणि घाम. डब्याला बुड नव्हतं. खालून त्यात माझा हात घालायचा, बोटं ताणून डबा धरायचा आणि हे सांगतील तसा फिरवायचा. एक पाय पंपावर. पाय थांबला की हवा कमी, हवा कमी की फुंकणी थुंकली. नाक खाजलं तरी खाजवायची सोय नाही. रंग खिडक्यांतून आत यायचा आणि माझ्या हातावर बसायचा. काम संपलं की घासलेटनं हात पुसायचे, म्हणजे कातडी सोलल्यासारखी आग व्हायची. आणि घासलेट तरी लढाईच्या दिवसांत कुठं धड मिळत होतं!

हे सगळं मी सोसलं असतं. पण नागपंचमी श्रावणातच येते ना!

आमच्याकडं पंचमीला भाऊ बहिणीला न्यायला येतो. माझा दादा दरवर्षी यायचा. गुंजवण्याहून विंझर, तिथून पुढं कापूरहोळ सगळं पायी, मग भोरला सर्व्हिस मोटारीनं. आणि दरवर्षी एकटाच परत जायचा. आत्याबाई त्याला चहा द्यायच्या, गोड बोलायच्या. "गणपती तोंडावर आलेत बाबा. तिच्या हाताशिवाय रंग होत नाही. पुढच्या वर्षी पाठवू." शिव्या दिल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. कौतुकाशी भांडायचं कसं? गल्लीतल्या पोरी मेंदी वाटायच्या, झाडाला झोके बांधायच्या. त्यांची गाणी गोणपाटातून मला ऐकू यायची. माझ्या हाताला मेंदी कुठली? हात डब्यात!

तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या. एकदा मुद्दाम म्हटलं, "मी तुम्हाला शिकवते. दुधासारखा करायचा, एवढंच तर आहे." ह्यांनी करून बघितला. जमला नाही. खोटं कशाला सांगू, त्यांनी मनापासून केला होता. वाईट माणूस नव्हता तो. रंग वाळेपर्यंत त्याला दुसरं काही दिसायचं नाही, एवढंच.

मग ते वर्ष आलं. पंचमीचा आदला दिवस. त्या दिवशी आम्ही बायका भावाचा उपास करतो. मी उपाशी, पाय पंपावर, हात डब्यात. दोन डबे होते, एक वाळत ठेवायचा नि दुसरा दुसऱ्या हातात घ्यायचा, असं चाललं होतं. बाहेर दारापाशीच आत्याबाई सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. पहारा म्हणा ना.

सकाळच्या पहिल्या मोटारीनं आलेल्या दादाचा आवाज आला. "मावशी, बाईला न्यायला आलोय."

"आत रंग चाललाय बाबा. दार उघडायचं नाही."

"म्या थांबतो की."

थांबला तो. ज्याच्यासाठी मी पोट रिकामं ठेवलं होतं तो एका फळीपलीकडं उभा, आणि मला त्याला पाणीसुद्धा विचारता येईना. पंपाच्या खटखटीत त्याचं बोलणं धड कळत नव्हतं. मग तो दाराला तोंड लावूनच बोलला.

"बाई, ऐकती का? आईच्या डोळ्यांत मोती पडलाय. मानूस आता आवाजावरनंच वळखती. उजेडात जवळ धरलं तर थोडं दिसतंय. पुढल्या सालाला तुजं त्वांड तिला दिसायचं न्हाई गं."

मी ह्यांच्याकडं बघितलं. "ऐकलंत?"

"ऐकलं," हे म्हणाले. डोळे डब्यावर. "हा एक हात पुरा होऊ दे. मग बघू. पाय थांबवू नको."

मी पाय काढला.

फुंकणी थुंकली, डब्यावर हा एवढा ठिपका. "अगं, अगं!" ते ओरडले. मी डबा हातातून काढून पाटावर ठेवला, कडी काढली आणि दार सताड उघडलं. बाहेरचा वारा भसकन आत शिरला तो आत्याबाईंच्या सुपातला कोंडा घेऊनच. सगळा तांबूस डब्यांवर. विलायती रंगावर भाताचा कोंडा! आज आठवलं तरी हसू येतं. पश्चात्ताप? छे हो. नावालासुद्धा नाही.

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, काय केलंस हे! कुठं निघालीस?"

"माझ्या आईकडं," मी म्हटलं आणि पायात वहाणा सरकवल्या. हात पुसायलाही थांबले नाही. न जाणो, मागून कुणी पुन्हा कौतुक करायचं आणि मी अडकायची.

हे दारात आले. वाटलं, आता हात उगारतात. तर डब्यावरचा कोंडा नखानं काढत म्हणाले, "पंचमी झाली की ये. पुन्हा पहिल्यापासून रंगवावं लागेल."

कोळशाच्या गॅसवर चालणारी ती मोटार, चढ आला की सगळ्यांना उतरवायची. पुढं सगळं चालणं. ओढे भरून वाहत होते, दादा माझा दंड धरून पाण्यातून नेत होता. मी वाटभर बडबडत होते, आत्याबाईंना नावं ठेवत होते. आईला सगळं सांगायचं, रडायचं, म्हणायचं की मला परत पाठवू नको, असं मनाशी ठरवत होते. वाटेत ओढ्याच्या पाण्यात हात चोळले. तेलरंग तो, पाण्याला दाद देतो होय? वाळून घट्ट बसला होता.

दिवेलागणीला पोचलो. आई उंबऱ्यातच बसली होती. "कोन, पोरगी? आली व्हय माजी बाय?" म्हणत तिनं माझं तोंड चाचपलं, कंदिलाजवळ नेलं, खूप वेळ बघितलं. मग माझे हात हातात घेतले आणि डोळ्यांशी अगदी जवळ धरले. तळव्यांवर तांबूस चौकोन होते, ओळीनं, एकासारखा एक. डब्याच्या खिडक्यांचे.

"अगं बया!" आईचं तोंड असं उजळलं! "केवढी रंगलीया मेंदी! आन नक्षी तर बघा." तिनं शेजारच्या बायकांना हाका मारल्या. "इतकी सालं म्हनत व्हते, पोरीला धाडत न्हाईत, जाच हाय का काय. माज्या डोळ्याला डोळा लागायचा न्हाई. पर मेंदी रंगली, म्हंजी जावई लई जीव लावतोय. खरं का न्हाई गं?"

बायका हसायला लागल्या. दादा खाली मान घालून पायाचा चिखल काढत बसला. ज्या जिभेनं मला अडकवलं होतं ती जीभ, ऐन वेळेला टाळूला चिकटली. आईचे ते पांढुरके डोळे माझ्यावर लागले होते.

"व्हय," मी म्हटलं. "लई जीव लावतात."

"आता माजा जीव भांड्यात पडला," आई म्हणाली.

पंचमी झाली. झोक्यावर बसले, पोटभर पुरणाची दिंडं खाल्ली. निघताना आईनं माझे हात पुन्हा चाचपले आणि दादाला म्हणाली, "उगाच दर सालाला एवढी वाट तुडवू नगंस रं. तिला तिकडं करमतंय. सुखात हाय पोरगी."

पुढच्या श्रावणात मी आतच होते, हात डब्यात आणि पाय पंपावर. पंचमीच्या आदल्या दिवशी उपास केला. पंप थांबला की दाराकडं कान द्यायची. दादा आला नाही.