मंजिरीने दिलेलं पत्र

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही – आणि आमच्या घरात तर आमटीत मीठ जास्त पडलं तरी त्यावर तासभर चर्चा होते. तुम्हाला सांगते आहे. का, ते मला विचारू नका.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. कडक म्हणून माझा लौकिक होता, आणि त्याचा मला – आता खोटं कशाला बोलू – अभिमान होता. ‘नियम सगळ्यांना सारखे’ हे माझं ठरलेलं वाक्य.

मंजिरी खडकीहून यायची. दुसऱ्या वर्षाला असताना आजारी पडली, दीड वर्ष घरी राहिली आणि परत आली. जूनमध्ये स्टाफरूमच्या दारात उभं राहून तिनेच मला सांगितलं, की तिला स्किझोफ्रेनिया आहे, औषधं चालू आहेत, आणि पदवी पूर्ण करायची आहे. हातात पत्र होतं. घरी न विचारता स्वतः लिहिलेलं. मागणं ते केवढं? प्रॅक्टिकलच्या सूचना कागदावर लिहून मिळाव्यात, कारण कानात दुसरे आवाज सुरू झाले की शिक्षकांचा आवाज हरवतो. बसायला भिंतीकडची जागा. गोळ्यांमुळे हात सावकाश चालतो, म्हणून परीक्षेत अर्धा तास जास्त. त्याला माझी शिफारस लागणार होती – म्हणजे एक सही.

मी ‘बघते’ म्हणाले. पत्र हजेरीपटात ठेवलं. आणि – पुढे पाठवलंच नाही.

विसरले नव्हते. हजेरी घेताना रोज ते दिसायचं. मला भीती वाटत होती. खोडाचे पातळ काप घ्यायला आमच्याकडे प्रत्येकाच्या हातात ब्लेड असतं. तिच्या हातात ब्लेड असलं की मी तिच्या टेबलापासून लांबच उभी राहायचे. तिने कधी कुणाला ओरखडासुद्धा काढला नव्हता. उलट तिचेच काप सगळ्यांत पातळ असायचे. तरी वाटायचं, ही आपणहून सोडून गेली तर बरं.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी भराभर तोंडी सूचना दिल्या. मंजिरी गोंधळली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “मॅडम, मी जूनमध्ये पत्र दिलं होतं ना?”

परीक्षक बघत होते. मी म्हणाले, “कुठलं पत्र? माझ्याकडे काही आलेलं नाही.”

तिने वाद घातला नाही. म्हणाली, “सॉरी मॅडम. मला तसं वाटलं असेल.”

कळतंय का तुम्हाला? खरं काय आणि नुसतं वाटलेलं काय, हे वेगळं ओळखायला ती मुलगी दीड वर्ष शिकत होती. माझ्या कुठल्याही धड्यापेक्षा ते अवघड. आणि तिने बरोबर ओळखलं होतं. मी, तिची शिक्षिका, तिला चूक ठरवलं.

ब्लेड कागदात नीट गुंडाळून तिने टेबलावर ठेवलं आणि परीक्षा अर्धी टाकून निघून गेली. पुन्हा आली नाही. दाखला न्यायला वडील आले. त्यांनी माझीच माफी मागितली – पोरीच्या मनाने काहीतरी घेतलं, तुम्हाला उगाच त्रास झाला. मी “असू दे हो” म्हणाले. असू दे! मोठ्या मनाने!

ते पत्र वारज्याच्या घरात माझ्या कपाटात आहे. निळी शाई, खाली तिची सही.

तिला नुसतं तसं वाटलं नव्हतं. तिने पत्र दिलं होतं, माझ्या हातात, आणि मी ते घेतलं होतं.