मालकांचा पुढचा दात

कृत्रिम दात घडवणारी बाई समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नाही, आधी दात बघते. कामावर सगळे तिला दातवाली म्हणत. एकोणीस वर्षं पोर्सेलिनची भुकटी छातीत घेऊन तिनं ते नाव कमावलं होतं. खोलीला खिडकी एकच. धूळ ओढणारा पंखा मालक "पुढच्या वर्षी" बसवणार होते. ते वर्ष काही उजाडलं नाही. खोकला मात्र नेमानं यायचा.

डॉक्टरीणबाईंनी ही धूळ सोडा म्हणून बजावलं, तेव्हा ती रस्त्यापलीकडच्या लॅबमध्ये गेली. तिथे प्रत्येक टेबलाला धूळ ओढणारी नळी होती. तिनं नमुन्यादाखल एक सुळा घडवला. मॅनेजरनं तो उजेडात धरला.

"अहो, हा तर चावेल!"

मग सध्या कुठे असता, असं विचारलं. तिनं मालकांचं नाव सांगताच त्याचा चेहरा उतरला. "कळवतो."

आणखी दोन लॅबमध्ये तेच. "कळवतो." नवरा म्हणाला, "जरा गोड बोलत जा. तुझी जीभ म्हणजे कानस." दोन वर्षं तिला वाटत राहिलं, आपला हातच गेला. एका कसबी बाईला स्वतःच्या हाताचा संशय यावा, याला दंड किती, ते कुठल्या कायद्यात लिहिलंय?

मग एक सरकारी अधिकारीण घरी आली. धंदेवाल्यांची आपापसातली संगनमतं पकडणारं तिचं खातं. पूर्वी हे लोक फक्त भाव ठरवणारे पकडत, आता माणसं अडवणारेही पकडू लागले होते. तिनं एक मेसेज दाखवला. मालकांनीच बाकीच्या तिघा लॅबवाल्यांना पाठवलेला: 'माझी दातवाली घ्यायची नाही. तुमची माणसं मी घेणार नाही. शब्द म्हणजे शब्द.' खाली तीन अंगठे.

"हा सापडला कुठे?"

"तुमच्या मालकांनीच आणून दिला. सगळ्यांच्या आधी कबूल करणाऱ्याला दंड माफ असतो, ताई."

"म्हणजे विहिरीत ढकलणारा तोच, आणि कुणीतरी पडलंय हो, म्हणून ओरडणाराही तोच! वर त्याला बक्षीस?"

"त्याशिवाय ही पापं बाहेर येत नाहीत."

"पण माफ तुम्ही केलंत. मला कुणी विचारलं?"

अधिकारीणबाईंनी कागद पिशवीत घातले. निदान खोटं तरी बोलल्या नाहीत.

तो करार मोडला. तिघांना दंड झाला. पलीकडच्या लॅबचा फोन आठवड्यात आला. दातवालीनं आपले ब्रश फडक्यात गुंडाळले. मालक दारात आडवे आले. "अहो, मीच तर तुम्हाला मोकळं केलं!" असं म्हणून हसले. त्यांचा पुढचा वरचा दात तिनंच घडवलेला होता. रंग असा जुळलेला, की सख्ख्या बायकोला ओळखता येऊ नये. ती त्यांच्या बाजूनं निघून गेली.

चार महिन्यांनी तो दात तुटला. मालकांनी नवीन माणसाकडून तीनदा करवून घेतला. तिन्ही वेळा खडूसारखा पांढरा. शेवटी तोंडावर रुमाल धरून ते रस्ता ओलांडून आले आणि तिच्या टेबलासमोर उभे राहिले. नळी घुमत होती. महिनाभर तिला खोकला नव्हता.

"तुमच्याशिवाय जमत नाही हो," ते रुमालाआडून म्हणाले.

दातवालीनं त्यांनी पुढे केलेला तुटक्या दाताचा तुकडा उजेडात धरला, उलटसुलट बघितला, त्यांच्या हातावर परत ठेवला.

"कळवते," ती म्हणाली.