आपलं गाव शेवटी

कोणी तावातावाने बोलायला लागलं की अध्यक्षभाऊ चष्मा काढून मांडीवर ठेवत. डोळे उघडेच असत, पण समोरच्याचा चेहरा त्यांना धड दिसत नसे. नव्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याला झोप आली. एकदा मी विचारलंच, तेव्हा म्हणाले, "चेहरा दिसला का हा आपला, तो परका, असं होते. आयकाले चेहरा लागत नाई."

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याचं पद सुटतं पण नाव सुटत नाही. अहेरीकडच्या पाच-सहा गावांची आमची जंगल कामगार सोसायटी होती आणि तिचे ते माजी अध्यक्ष. एकोणीसशे ऐंशी साल उलटून गेल्यावर त्यांच्या खुर्चीवर मी बसलो. मी दहावी पास आणि भांडणात कच्चा, म्हणून सगळ्या गावांना चाललो. तरी अध्यक्षभाऊ म्हटलं की लोक त्यांच्याच घराकडे बघत. मला सगळे बाबूच म्हणत.

काम ऐकायला सोपं होतं. जंगल खातं दरवर्षी तोडीसाठी जंगलाचे तुकडे नेमून देई. त्यांना आम्ही कूप म्हणतो. कोणतं कूप कोणत्या गावच्या टोळीला द्यायचं, ते अध्यक्षाने ठरवायचं. जवळचं मिळालं तर माणूस संध्याकाळी घरी जेवतो. नदीपलीकडचं मिळालं तर बायकापोरांसकट झोपड्या टाकून उन्हाळा लागेपर्यंत तिथेच राहायचं. त्यामुळे वाटपाच्या आठवड्यात अध्यक्षाला जितके नातेवाईक भेटतात, तितके लग्नातही भेटत नाहीत.

खुर्ची माझ्या हवाली केली त्या दिवशी त्यांनी मला ऑफिसच्या भिंतीपुढे उभं केलं. तिथे आधीच्या तीन अध्यक्षांचे फोटो होते.

"हे पयले. वाघ रस्त्यात बसला तरी यायनं बैलबंडी माघारी नाई घेतली. पण सगळे निर्णय घरी, जेवता जेवता. ज्यायले जेवाले बलावलं नाई, ते रुसले. तू हिंमत घे, जेवणं सोड."

"हे दुसरे. लय गोड माणूस. दोघं भांडत आले तर दोघायलेबी हो म्हणत. दोघं खुशीत घरी जात अन् मंग कुपात जाऊन एकमेकाची डोकी फोडत."

तिसऱ्या फोटोच्या काचेवरची धूळ त्यांनी बोटाने पुसली. "यायनं मले घडवलं. पण खुर्ची सोडल्यावर रोज येऊन त्या कोपऱ्यात बसत. बोलत काईच नसत. मीच तोंड उघडाच्या आधी त्यायच्याकडे पाहो. ते जिते होते तोवर मी अध्यक्ष झालोच नाई. म्हनून सांगतो, मी आता इथी येनार नाई."

"आणि तुमच्याकडून काय घेऊ?"

"एकच. आपलं गाव शेवटी."

म्हणजे आधी बाकीच्या गावांनी कूप निवडायचं आणि उरेल ते अध्यक्षाच्या गावाने घ्यायचं. हा त्यांचा नियम होता. सोसायटी फुटली नाही ती या नियमामुळे, हे सगळेच मानत. नियमाची किंमत काय होती, ते मात्र कोणी बोलत नसे. एका साली त्यांच्या गावाला नदीपलीकडचं कूप उरलं. त्यांच्या धाकट्या भावाची बायको भरल्या दिवसांची होती. धाकटा येऊन पाया पडला, तरी यांनी कूप बदललं नाही. बाळ झोपडीतच जन्मलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं. तेव्हापासून धाकटा त्यांच्याशी बोलत नव्हता. दोघांची अंगणं एकमेकांना लागून होती.

मी एकदा भीतभीत तो विषय काढला. "लोक म्हणतात, तवा तरी नियम मोडाचा होता," ते म्हणाले. "मीबी म्हनतो. पण मोडला असता तर दुसऱ्या साली कोनाले नाई म्हनलो असतो?" एवढं बोलून ते अंगणातल्या कोंबड्यांना दाणे टाकू लागले. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

मग माझ्यावरही ती वेळ आली. नदीपलीकडचं कूप माझ्याच गावाला उरलं. टोळीचा मुकादम माझा दादा, ज्याने स्वतः शाळा सोडून मला शिकवलं. त्याचे गुडघे पार गेले होते. तो भर सभेत उठून म्हणाला, "यंदा नको रे. मले तिथी चालनं होनार नाई." सगळ्यांच्या माना दरवाज्याकडे वळल्या. अध्यक्षभाऊ येतील आणि काहीतरी मार्ग काढतील, असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं. ते आले नाहीत. मी नियम सांगितला. दादा काठी टेकत निघून गेला आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलला नाही.

मी रागारागात अध्यक्षभाऊंचं घर गाठलं. "एक दिवस आला असता तर काय बिघडलं असतं?"

ते खाली मान घालून बसले होते. आतून त्यांच्या पत्नीच बोलल्या, "चपला घालून फाटकापाशी उभे होते, बाबू. सभा उठेपर्यंत."

"आलो असतो तर तो निर्णय माझा झाला असता," ते हळूच म्हणाले. "तुले लय एकटं वाटलं असन. आता वाटतच रायते. इथी येत जा."

मी जात राहिलो. कधी बोलणं होई, कधी नुसताच चहा. दोन माणसं एकमेकांसमोर बसून एकटी असू शकतात, हे मी तिथे शिकलो.

तेंदूपानाच्या हंगामात अध्यक्षभाऊ गेले. अर्धी माणसं जंगलात होती, तरी नदीकाठी गर्दी झाली. त्रिशरण झालं, मग शोकसभा. पहिलं भाषण माझं होतं. चारही अध्यक्षांकडून आपण काय शिकलो ते मी मनात जुळवून ठेवलं होतं. तेवढ्यात लोकांच्या मागे त्यांचा धाकटा भाऊ उभा दिसला. मी म्हटलं, आधी घरच्या माणसाने बोलावं.

तो पुढे आला. चितेकडे बघत उभा राहिला.

"मी का बोलू," तो शेवटी म्हणाला. "बोलाचं होतं तवा नाई बोललो." आणि तिथेच रेतीवर बसला.

त्याच्यानंतर कोणीच बोलायला उठलं नाही. मीही भाषण केलं नाही. सगळे दोन मिनिटं उभे राहिलो आणि निघालो.

गावात आल्यावर मी माझ्या घरी गेलो नाही. दादा अंगणात खाटेवर बसून गुडघ्यांना तेल चोळत होता. माझी चाहूल लागली तरी त्याने मान वर केली नाही. मी खाटेजवळ जमिनीवर बसलो.

"दादा," मी म्हटलं.

तो तेल चोळत राहिला. पण उठून आतही गेला नाही.