दारातला सलाम

चर्चच्या दारात उभं राहून माझ्या नवऱ्यानं तीस वर्षांत किती लोकांना सलाम केला असेल, देव जाणे. आमच्यात उपासना संपली की दारात मंडळीचे पंच उभे राहतात, त्यांच्या पलीकडे पाळकसाहेब, आणि बाहेर पडणारा प्रत्येक जण त्यांच्या हातात हात देऊन ‘सलाम’ म्हणतो. बायका, पुरुष, पोरंसोरं, सगळे. आमचे हे पंच. सगळ्यांचा हात हातात घेणार, गुडघेदुखीची चौकशी करणार. आणि माझी पाळी आली की मनगटावरचं घड्याळ बघणार. मी पुढं सरकले की यांचं घड्याळ बघून झालेलं असायचं.

“घरात रोज तोंड बघतो एकमेकांचं, आणखी सलाम कसला?” असं म्हणायचे. खरं कारण मला ठाऊक होतं. यांची सगळी नोकरी भिवपुरीच्या वीजकेंद्रात गेली. क्वार्टर्समध्ये आमचं ख्रिस्ती घर एकच. लोकांनी ख्रिस्ती बघितलेले ते सिनेमात: गाऊनातली बाई, हातात ग्लास आणि चारचौघांत गळ्यात गळे. त्यामुळं हे इतरांपेक्षा दुप्पट सोवळे. रस्त्यानं चालताना माझ्या दहा पावलं पुढं. प्रभूनं प्रार्थना दार लावून करायला सांगितलीय, तेच यांनी प्रेमालाही लावून टाकलं. मी म्हणायची, “अहो, प्रभूनं कुष्ठरोग्याला हात लावला तो भर लोकांत. तेव्हा कुठलं दार लावलं होतं?” यावर हे चहा मागायचे.

पण दार लावल्यावरचा माणूस निराळा, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर देव मला जाब विचारेल. बाळंतपणात माझी वेणी यांनी घातली. पायाच्या भेगांना कोकमाचं तेल यांनी लावलं. सगळं कडी घालून.

गेल्या वर्षी मला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, वाचा सावरली. “तिला काय होतंय!” हे भेटायला येणाऱ्यांना सांगायचे. उजवा हात तेवढा लोंबत राहिला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या पोरीनं सांगितलं, रोज हात हातात घ्यायचा, ‘दाब’ म्हणायचं आणि दहापर्यंत मोजायचं. बोटं येतील, पण चिकाटी हवी. मग निवृत्तीनंतर घेतलेल्या दहिवलीच्या घरात खिडकीशी बसून हे रोज सकाळी हाताला तेल चोळायचे आणि म्हणायचे, “दाब.”

“दाबलं.”

“कधी?”

“आत्ता!”

“मग मला कसं कळलं नाही?”

असे दोन महिने गेले. चर्चला जायचं मी सोडलं. उजवा हात नाही तर सलाम कशानं करू? जन्मात कुणापुढं डावा हात केला नाही मी. आणि खरं सांगते, मला भीती वाटत होती. हात आता येणारच नाही, असं मनानं घेतलं होतं, आणि ते सगळ्यांपुढं दिसायला नको होतं. हे एकटे जायचे, आल्यावर प्रवचन सांगायचे. मी भिंतीकडं बघत ऐकायची.

एक दिवस शेजारीण कुंपणापलीकडून ओरडली, “वैनी, दादा रोज हात चोळतात तुमचा, मला खिडकीतनं दिसतंय. आमच्याकडं असं काय नाय हां! नशीब काढलंत बाई!” मी हसले. यांचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी व्यायामाला बसताना यांनी खिडकी लावून घेतली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“उघडा ती.”

“वारा येतोय.”

“वारा नाही, शेजारीण येतेय! तीस वर्षं साऱ्या मंडळीचा हात धरलात आणि माझ्या वेळी घड्याळ बघितलंत. आता माझा हातच मेलाय. सुटलात एकदाचे!”

बोलले आणि रडायला लागले. इतकी रडले की डावा हात नाक पुसायला पुरेना. यांनी टॉवेलानं माझं नाक पुसलं, उठले, खिडकी सताड उघडली आणि परत येऊन बसले. समोर शेजारीण कपडे वाळत घालत होती. “दाब,” हे म्हणाले.

त्या रविवारी मी चर्चला निघाले. साडी यांनीच नेसवली, निऱ्या तीनदा मोडल्या. रिक्षात बसले तेव्हाच मी मनाशी ठरवून टाकलं होतं. बायकांच्या बाकांपाशी एक लहान दार आहे, उपासना संपली की तिकडून सटकायचं. शेवटची प्रार्थना झाली, मी उठलेसुद्धा. सहज मोठ्या दाराकडं नजर गेली. हे तिथं उभे राहून मनगटावरचं घड्याळ सोडवत होते. सोडवलं आणि खिशात टाकलं.

बाई गं! मी मुकाट्यानं रांगेत उभी राहिले, हात पदराखाली.

यांच्यापुढं आले. “सलाम,” हे म्हणाले, चांगलं खणखणीत, आणि हात पुढं केला. माझा हात काही उठेना. तेव्हा यांनीच तो पदराखालून काढून दोन्ही हातांत घेतला.

“दाब.”

इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडले ते झालं, आणि लाज वाटली ती मला. “अहो, लोक बघताहेत.”

“बघू देत. दाब. एक, दोन...”

पाळकसाहेब पलीकडं हात पुढं करून थांबलेले. मागं रांग खोळंबली. यांचं आपलं मोजणं चाललेलं. मी सगळा जीव बोटांत आणला. सातावर यांचं मोजणं थांबलं.

“कळलं,” हे म्हणाले. “मला कळलं गं.”

अंगठा होता तो, आणि शेजारचं बोट. बाकीची तीन अजून झोपलेली. यांनी डोळे पुसले नाहीत, कारण त्यासाठी हात सोडावा लागला असता. आठ, नऊ, दहा झाले, तरी हात सोडेनात. शेवटी मीच म्हणाले, “अहो, मागच्यांनाही सलाम करा की.”