काकू, सिलिंडर आणि माझी लाल पेन्सिल

ज्या माणसाला उडता येत नाही त्याच्यावर कॉमिक काढू नये, असं माझं स्पष्ट मत होतं.

हे मत लहानपणी वाचलेल्या सुपरहिरोंच्या कॉमिक्सवर पोसलेलं. दंड केवढे, तर भोपळ्याएवढे! पाठीवर झगा, दुसऱ्याच पानावर स्फोट, आणि शेवटी हिरो शहर वाचवतो. (म्हणजे त्याच्या मारामारीतून जेवढं उरलं असेल तेवढं.) आणि इकडे आमची केतकी! दिवसा नोकरी, संध्याकाळी ‘इंडिपेंडंट कॉमिक’. म्हणजे लिहिणार तीच, चित्रं काढणार तीच, झेरॉक्स करणार तीच आणि पिना मारणारही तीच. माझ्या हिरोमागे अख्खी कंपनी राबायची; हिच्यामागे फक्त आई चहा घेऊन उभी.

“गोष्ट काय आहे?” मी विचारलं.

“नेहरू नगरमधल्या एक काकू दिवसभर गॅस सिलिंडरची वाट बघतात.”

“आणि स्फोट होतो!”

“नाही हो! सिलिंडरवाला येतो तेव्हा नेमक्या त्या आंघोळीला गेलेल्या असतात.”

“मग त्या उडत जाऊन त्याला गाठतात!”

“केसांना टॉवेल गुंडाळून परत वाट बघत बसतात. बस, खतम.”

“अगं, पण यात खलनायक कोण?”

“बाबा, हर कहानी में व्हिलन नहीं होता, यार!”

बापाला ‘यार’ म्हणणाऱ्या मुलीशी काय वाद घालणार? मी विषय तिथेच सोडला. तो तिथेच राहायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी जवाहर चौकाजवळच्या एका हॉलमध्ये कॉमिक्सचा मेळा होता. केतकीला तिथे पहिल्यांदाच टेबल मिळालं होतं. कित्येक महिन्यांच्या संध्याकाळी तिने त्या काकूंवर घातल्या होत्या. सगळी मूळ पानं जेवणाच्या टेबलावर वाळत ठेवून ती आंघोळीला गेली. जाताना म्हणाली, “बाबा, हात लावू नका हं!”

मी हात लावला नाही. पेन्सिल लावली.

त्याचं असं आहे, की मी इथल्या, या हिंदी भाषक शहरातल्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. निवृत्त झालो, सोनागिरीत घर बांधलं, पण खिशातली लाल पेन्सिल काही सुटली नाही. समोर काही मांडलेलं दिसलं की हात आपोआप चालतो. (सुनंदाच्या चकल्यांवर पेन्सिल उमटत नाही, म्हणून आमचा संसार टिकला.) शेरेसुद्धा कारखान्यातल्यासारखे हिंदीत! ‘बायाँ कान टेढ़ा।’ ‘सिलिंडर ज़मीन पर सीधा नहीं खड़ा।’ ‘इस पन्ने पर कुछ हुआ ही नहीं। रिजेक्ट।’ आणि प्रत्येक शेऱ्याखाली माझी सही. शेवटच्या पानावर सही करून मान वर केली, तर दारात केतकी उभी. केसांना टॉवेल गुंडाळलेला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मटकन खालीच बसली. मला इतकं वाईट वाटलं की मी धावत जाऊन खोडरबर आणलं आणि घासायला लागलो. लाल गेलं नाही, पसरलं! काकू लाजल्यासारख्या गुलाबी झाल्या.

“अहो, पावाने पेन्सिल निघते म्हणे!” स्वयंपाकघरातून सुनंदा म्हणाली.

मी टेबलावरचा पाव उचलून घासला. त्याला मस्का लावलेला होता. आता काकू पारदर्शक झाल्या आणि त्यांच्यातून टेबलक्लॉथवरची फुलं दिसायला लागली!

“बास!” केतकीने पानं ओढून घेतली. एकेक शेरा वाचत गेली. ‘स्नान बेवक़्त। जाँच हो।’ इथे तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. बघतो तर हसतेय!

“असंच छापू,” ती म्हणाली. “फक्त आता झेरॉक्स रंगीत काढावी लागेल.”

मेळ्यात मी टेबलामागे तोंड लपवून बसलो. शेजारच्या स्टॉलवर सुपरहिरोंची पोस्टर्स होती. गर्दी मात्र आमच्याकडे. सगळ्यांना काकू आवडत होत्या, पण त्याहून जास्त त्या काकूंना छळणारा, न दिसणारा खडूस माणूस.

“ये लाल पेंसिल वाले अंकल सच में हैं क्या?” एका कॉलेजच्या मुलीने विचारलं.

केतकीने माझ्याकडे बोट केलं. “पीछे बैठे हैं.”

“अंकल, साइन कर दीजिए ना!”

मी प्रत हातात घेतली. पिन तिरपी. माझा नाइलाज होता. लिहिलं, ‘पिन टेढ़ी। रिजेक्ट।’ आणि सही ठोकली. मुलगी आनंदाने किंचाळली आणि पाहता पाहता रांग लागली! “मेरी वाली भी रिजेक्ट कर दीजिए!” कारखान्यात माझी चाहूल लागली की माणसं मशिनीमागे लपायची, आणि इथे लोक दोष काढून घ्यायला रांगेत उभे! माझी छाती भोपळ्याएवढी झाली.

मग एक प्रत अशी आली की पिन सरळ, घडी सरळ, कडा सरळ. उलटून पालटून पाहिली, उजेडात धरली. एकही दोष नाही. सवय कितीही खोडसाळ असली तरी माणूस प्रामाणिक. मी मोठ्या अभिमानाने लिहिलं, ‘पास।’

ती घेऊन गेलेली मुलगी लगेच परत आली.

“अंकल,” ती केविलवाण्या आवाजात म्हणाली, “ये वाली डिफेक्टिव है. बदल दीजिए ना.”