पेटीतलं चंदन

अनिरुद्धमामांइतका हट्टी माणूस तंजावुरात दुसरा नसेल. तारखात्यातून निवृत्त झाले आणि परवाना काढून घरातच हौशी बिनतारी केंद्र थाटून बसले. मुलगा कार्तिक याने सिंगापूरहून आपोआप जुळणी करणारी पेटी आणली, ती त्यांनी मुलाचं मन राखायला जोडली. “यंत्राचा जोर गच्चीवरच्या तारेनं पुरता घेतला पाहिजे, नाही तर उलटा फिरून यंत्रच जाळतो,” ते सांगायचे. “ती जुळणी हातानंच करायची.”

१९९४च्या आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, मी त्यांच्याकडेच होते. मामांनी आपली जुनी हाताची पेटी देवीपुढे ठेवली, तीही झाकण काढून. पूजा म्हणे आतल्या पत्र्यांनाही पोचली पाहिजे. कामाक्षीमामींनी बिचाऱ्यांनी एकेका पत्र्याला ओलं चंदन लावलं. पूजेतल्या वस्तूला दुसऱ्या सकाळपर्यंत हात लावायचा नसतो. यंत्र जड म्हणून जागेवरच राहिलं, आणि कार्तिकच्या पेटीला मामांनी पूजेचा मान दिलाच नव्हता.

दुपारी वादळ आलं. टेलिफोन बंद पडले, गच्चीवरची तार अर्धी तुटली. उरलेल्या तारेवर किनाऱ्याकडच्या एका निवारा-शिबिराची हाक आली: दोन मुलांना साप चावलाय, औषध पाठवा. ठिकाणाचं नाव खरखरीत बुडालं. औषध गावातल्या इस्पितळात होतं, पण पाठवायचं कुठे? मामा विचारत राहिले, तिकडे काही ऐकू जाईना. अर्ध्या तारेशी जुळणी करताना कार्तिकच्या पेटीने टकटक करून हात टेकले.

मामा देवघराच्या दारात घुटमळले.

“अहो, घ्या ती पेटी,” मामी म्हणाल्या. “देवीला मी सांगतें.”

जोडली, तर आत ठिणग्या उडाल्या आणि चंदन करपल्याचा वास सुटला. मामांचा चेहरा पडला.

“माझंच चुकलं,” ते म्हणाले. तीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मामींनी निरांजनाच्या वाती स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पत्रा पुसून काढला. मग मामा दोन्ही बटणं केसाकेसाने फिरवत बसले. वाऱ्याने तार हलली की पुन्हा पहिल्यापासून. मला भीती वाटत होती, त्यांना वाटायला वेळ नव्हता. तासाभराने उलटा जोर दाखवणारा काटा खाली आला, मामांचा आवाज पोचला, शिबिराने ठिकाण सांगितलं आणि चिठ्ठी घेऊन मी इस्पितळाकडे धावले.

सकाळी मामी चंदन उगाळून पुन्हा पूजा मांडत असताना निरोप आला: दोन्ही मुलं उठून भाताची कंजी प्यायली. मामी रडल्या. मामांनी पेटीवर झाकण बसवलं, चारही स्क्रू आवळले आणि पेटी मामींपुढे धरली.

“आतां लाव,” ते म्हणाले.