लग्नं सांभाळणाऱ्या वहिनी

"मला काही घाई न्हाई भाऊ, पण आत्ताच बघा."

आमच्या गल्लीतल्या वहिनींचं कुठलंही काम या वाक्यानं सुरू व्हायचं. जालन्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं आणि चार घरं सोडून त्यांचं घर. दुकानात येऊन त्या कधी बसल्या नाहीत. चहा सांगितला तर "हो, घेते की" म्हणायच्या आणि चहा येईपर्यंत घरी पोचलेल्या असायच्या. मग पोऱ्या तो चहा मलाच देऊन जायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी बोलताना आपल्यालाच उगाच दम लागतो.

वहिनींचे यजमान बँकेत अधिकारी. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. शांत माणूस. मुलगी शिकायला बाहेर गेली आणि वहिनींना घर रिकामं वाटू लागलं. तेव्हा लोकांच्या कपाटात लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट पडून होत्या आणि त्या लावायचे व्हीसीआर बंद पडत चालले होते. वहिनींनी कुठून तरी शिकून घेतलं आणि कॅसेटची सीडी करून द्यायचा उद्योग घरातच सुरू केला. अंबड, घनसावंगी, जाफराबादकडून लोक पिशवीत कॅसेट घेऊन यायचे. सीडी दिल्यावरही वहिनी प्रत्येक लग्न आपल्याकडे ठेवायच्या. "सीडीवर चरे पडतात भाऊ. माणसं परत आली तर काय देऊ?"

त्या साठवणीसाठी मी त्यांना एक मोठा डबा जोडून दिला होता. म्हणजे कॉम्प्युटरच, फक्त त्यात ओळीनं हार्डडिस्क, आणि त्या सगळ्यांना एकत्र चालवणारं एक कार्ड. कार्ड मुंबईच्या बाजारातून आणलेलं, एका बंद झालेल्या ऑफिसातलं. डबा स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत होता. वहिनी एक डोळा कुकरवर आणि एक डोळा पडद्यावर ठेवून काम करायच्या. मध्येच "नळ आला!" असा गल्लीत पुकारा झाला की दोन्ही सोडून हंडे घेऊन धावायच्या.

एका उन्हाळ्यात त्यांची सगळ्यात जुनी डिस्क आजारी पडली. ती डब्याबाहेर, वेगळ्या कॉम्प्युटरात होती. आतून टक-टक आवाज यायला लागला. सुरुवातीची सगळी लग्नं त्याच डिस्कवर होती. ती मरायच्या आत सगळं डब्यात हलवायचं होतं. एवढी जागा दुसरीकडे कुठंच नव्हती. आणि डबा नेमका गोगलगाय झाला होता. त्यातलं लग्न पाहायला गेलं तर झटकन दिसायचं, पण नवं काही आत टाकायचं म्हटलं की पडद्यावरची हिरवी पट्टी जागची हलायची नाही.

मी केबल बदलल्या. कार्ड काढून दुसऱ्या खाचेत बसवलं. विंडोज नव्यानं टाकलं. वहिनी माझ्यामागे येरझाऱ्या घालत होत्या.

"काय म्हणतंय?"

"बघून राह्यलो ना वहिनी."

"बघा बघा, घाई न्हाई. पण ती टकटक वाढून राह्यलीय."

त्यांची घालमेल उगाच नव्हती. बऱ्याच कॅसेटला बुरशी लागलेली होती. तीर्थपुरीच्या एका शेतकऱ्याची कॅसेट त्यांनी हातानं पुसून पुसून कशीबशी एकदाच चालवली होती, त्यानंतर तिची फीत तुटली. त्याची बायको वारली होती. त्याला दिलेली सीडी पुढं खराब झाली, आणि "ताई, तुमच्याकडं हाये ना?" असा निरोप त्यानं नुकताच धाडला होता.

मी दोन दिवस डोकं खपवून थकलो, तेव्हा वहिनींनी एक अजब काम केलं. कॉम्प्युटर सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं भराभर सरकून जातात. मी ती रोज पाहायचो, म्हणजे खरं तर पाहत नव्हतो. वहिनींनी साहेबांचा व्हिडिओ कॅमेरा पडद्यासमोर धरला, सगळं शूटिंग केलं आणि मग एकेक चित्र थांबवत बसल्या.

"भाऊ, ही ओळ काय म्हणतीय? बॅटरी कशाची?"

मी वाचलं आणि कपाळाला हात लावला. त्या कार्डावर काडेपेटीएवढी एक बॅटरी असते. आलेला माल कार्ड आधी स्वतःजवळ ठेवतं आणि सवडीनं डिस्कवर लिहितं. मध्येच लाइट गेली तर ही बॅटरी तो माल राखते. बॅटरी मेली होती. त्यामुळे कार्ड जवळ काहीच ठेवत नव्हतं, प्रत्येक कण डिस्कवर नीट बसला की मगच पुढचा घेत होतं.

"नवी बॅटरी?"

"मुंबईहून मागवावी लागंल. मिळाली तर."

"तोवर?"

"बॅटरीविना जोरात चालव असं त्याला सांगता येतं. पण मधी लाइट गेली तर डब्यातलं आहे तेही बिघडू शकतं."

जालन्यात त्या दिवसांत लाइट कधी जाईल याचा भरवसा नव्हता. वहिनी खोलीतून अंगणात गेल्या, अंगणातून आत आल्या. मला वाटलं, ह्या बाई म्हणणार, चालवा जोरात.

"हळूच चालू द्या," त्या म्हणाल्या. "पण ज्यांच्या कॅसेट गेल्या त्यांचं आधी. तीर्थपुरी पहिलं. त्या अमक्यांचा काडीमोड झालाय, त्यांचं मागं ठेवा. आणि आमचं एकदम शेवटी."

"तुमचंबी यात आहे? मग आधी घेऊ की."

"काही नको. अख्ख्या लग्नात मी घामाघूम दिसते."

पुढचे दिवस ती पट्टी रांगत राहिली आणि वहिनी फेऱ्या मारत राहिल्या. लाइट गेली की थांबायचं, आली की पुढं. अखेर एका दुपारी टकटक थांबली. डिस्क कायमची बंद झाली होती. थोडीशीच लग्नं राहिली होती, त्यांत वहिनींचं.

"जाऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "मी होते की तिथं. आठवतंय मला."

साहेब दारात उभे होते. ते हळूच म्हणाले, "बाबा होते त्यात. पंगतीत वाढताना. त्यांचं चालतं-बोलतं तेवढंच होतं."

वहिनींचा चेहरा उतरला. "मंग बोलले का न्हाई तुम्ही?"

"तू थांबलीस कुठं?"

साहेब रागावून बोलले नव्हते, म्हणून ते जास्त लागलं. घरची कॅसेट बुरशीनं केव्हाच गेली होती. नंतर कितीतरी दिवस वहिनी सासरच्या एकेका नातेवाइकाला फोन करून विचारत होत्या, कोणाकडे दुसरी कॅसेट आहे का. सापडली नाही.

बाजाराच्या दिवशी तीर्थपुरीचा माणूस एसटीनं आला. वहिनींनी त्याचं लग्न लावलं. वरात, अक्षता, जेवणावळ सगळं तो मुकाट पाहत होता. मग नवरीनं मान खाली घालून उखाणा घेतला, अडखळत, नाव घेताना हसू दाबत.

"एवढंच परत लावा ताई," तो म्हणाला. "पुन्हा कधी माझं नाव घेतलं न्हाई तिनं. आमच्यात घेत न्हाईत."

वहिनींनी परत लावलं. पुन्हा लावलं. गल्लीत नळाचा पुकारा झाला, बायका हंडे घेऊन पळाल्या. वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

पुढं साहेबांची बदली झाली आणि ते लातूरला गेले. मधूनमधून वहिनींचा फोन यायचा, मी बोलायच्या आत ठेवायच्या. काही वर्षांनी साहेबांचा फोन आला. वहिनी गेल्या होत्या. सकाळी भाजीला निघाल्या आणि उंबऱ्यातच कोसळल्या.

"मी हाक मारली होती," साहेब म्हणाले, "थांब, पिशवी राह्यली तुझी. बाहेर येऊन बघतो तर..."

मग म्हणाले, "लोक जमले तरी पिशवी माझ्या हातातच होती."